पाचवीतले उत्क्रांतीचे धडे वगळा म्हणून पालकांचं निवेदन : समितीच्या हातात नेमकं काय आहे?

#१ वणीकर_पालक

आमच्या गावची जि.प. शाळा सातवीपर्यंत आहे. पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये 'पृथ्वीवरील सजीव', 'उत्क्रांती' आणि 'मानवाची वाटचाल' असे धडे एकापाठोपाठ येतात. काही पालकांनी सह्या करून मुख्याध्यापकांना निवेदन दिलंय. हे धडे आमच्या श्रद्धेविरुद्ध आहेत, शिकवू नका, आणि शिकवायचेच असतील तर आमची लेकरं त्या तासाला बाहेर बसवा, असं त्यात आहे. पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय येणार. मी समितीवर आहे. मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्ही ठराव घ्या, मग मी पाहतो."

विचारायचं असं, की समिती असा ठराव घेऊ शकते का? पालकाला आपलं मूल बाहेर ठेवायचा हक्क आहे का? आणि नसेल, तर या मंडळींशी बोलायचं काय? सगळे ओळखीचे आहेत, उद्या धुऱ्यावर भेटणारेच. दोन्ही बाजूंची भाषणं नकोत, नेमकं सांगा.

#२ कलम_पाहून_सांगतो

समिती असा ठराव घेऊ शकत नाही. घेतलाच तर तो कागदावरच राहील, आणि अडचण मुख्याध्यापकाची होईल, समितीची नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. कामं ठरलेली: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. अभ्यासक्रम त्यात कुठेच नाही. तो कलम २९ मध्ये आहे, आणि तिथे अधिकार शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाचा. आपल्याकडे म्हणजे पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. पुस्तक बालभारतीचं. ग्रामसभा, समिती, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांपैकी कुणालाच धडा वगळता येत नाही.

आता कलम २४. पूर्ण अभ्यासक्रम ठरल्या वेळेत संपवणं हे शिक्षकाचं कर्तव्य, आणि कसूर झाली तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे तुमच्या ठरावावर धडा सोडला तर नोटीस निघेल ती शिक्षकाच्या नावाने. 'तुम्ही ठराव घ्या, मी पाहतो' याचा अर्थ आता तुमच्या लक्षात आला असेल.

मूल बाहेर ठेवण्याबद्दल. लोक इथे राज्यघटनेच्या कलम २८ चा आधार घेतात. त्याचा खंड ३ म्हणतो की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना असेल, तर पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. हा पालकाचा खराखुरा हक्क आहे आणि तो मोठा आहे. पण तो धार्मिक शिक्षणापुरता. परिसर अभ्यासाचा धडा त्यात बसत नाही. उलट त्याच कलमाचा खंड १ म्हणतो की पूर्णपणे शासकीय पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण मुळीच देता येणार नाही. त्यामुळे 'उत्क्रांती शिकवा, पण सोबत आमची सृष्टीनिर्मितीची कथाही तितकीच खरी म्हणून शिकवा' ही मागणी जि.प. शाळेत पहिल्या पायरीवरच अडते.

बिजो इमॅन्युएल निकालाचा (१९८६) दाखला कुणीतरी देईलच. केरळातली मुलं राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहायची पण गायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. त्या निकालाने मुलाला स्वतःच्या तोंडाने न म्हणण्याची मोकळीक दिली. वर्गात जे शिकवतात ते न ऐकण्याची मोकळीक त्यात नाही. आणि उत्क्रांतीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिणं म्हणजे शपथ घेणं नव्हे. 'अवशेषांगाचं उदाहरण द्या' याला 'आंत्रपुच्छ' लिहिलं की गुण मिळतो, विश्वास कुणी तपासत नाही.

डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवा म्हणून एक याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती, सोबत आइन्स्टाइनचं समीकरणही होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती ऐकायलाच नकार दिला. चुकीचं वाटत असेल तर तुमचा सिद्धांत मांडा, त्यासाठी रिट याचिका होत नाही, असा सूर होता.

#३ खडू_डस्टर

वरच्यात एक भर. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही निघालं तर त्याच वर्गात. परिसर अभ्यास हा त्यातला विषय आहे. 'बाहेर बसवा' म्हणणाऱ्या पालकाला हे आधी शांतपणे सांगा. निम्मे तिथेच मागे सरतात.

आणि खरं सांगायचं तर निवेदनापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. हे धडे बऱ्याच ठिकाणी शिकवलेच जात नाहीत. इतिहासाचा भाग म्हणून 'वाचून घ्या' वर सुटतात. मुलं चित्रातली वाकलेल्या माणसांची रांग तेवढी पाहतात आणि घरी जाऊन 'आपण माकड होतो' सांगतात. पालक भडकतो तो त्या वाक्यावर, धड्यावर नाही. निवेदन देणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडलंय हे सभेत विचारून पाहा. बालभारतीच्या ई-साहित्यात पीडीएफ फुकट मिळते, मोबाइलवर उघडते.

#४ पऱ्हाटी_आन_तूर

कायदा समजला. पन माय विचारनं वेगयं हाय. आमच्या गावात वानरं रोज चन्याच्या वावरात घुसतात. लोक म्हनतात, हे वानर माणूस होनार असतं तं आजवर काहून नाही झालं? आन मारुतीच्या वानराले आमचा आजा म्हनता, हे देवाचं हसं नाही काय? याले उत्तर द्या सायबहो. कलम सांगून बाई-मानूस ऐकत नसते.

#५ खडू_डस्टर

भाऊ, उत्तर सरळ आहे: ते वानर आपला आजा नाही, लांबचं चुलत घराणं आहे. त्याची शाखा आणि आपली शाखा अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझी जवळचा, तरी त्याच्याशीही फाटा फुटून साठ-सत्तर लाख वर्षं झाली, आणि चिंपांझीही आपला पूर्वज नाही. तुमच्या वावरातलं वानर त्याच्या परीने तितकंच पुढे आलेलं आहे. पानं पचवायचं त्याचं पोट आपल्याला नाही, झाडावरून झाडावर झेपावणं आपल्याला जमत नाही. त्याला माणूस व्हायचं कारणच काय? 'खालून वर चढत माणसापर्यंत' ही शिडी डोक्यातून काढली की अर्धा वाद संपतो. मारुतीचा त्यात प्रश्नच येत नाही.

#६ कापूस_कीड_सर्वेक्षण

माझ्या मते वानरापासून सुरुवात करणं हीच चूक आहे. माणूस शेवटी घ्या. विदर्भात उत्क्रांती शिकवायची तर गुलाबी बोंडअळीइतकं चांगलं उदाहरण नाही, आणि निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येकाने ती हाताने फोडलेल्या बोंडात पाहिलेली आहे.

क्रम असा सांगा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यात एक विषारी प्रथिन (क्राय१एसी). २००६ मध्ये दुसरं वाण आलं, त्यात दोन प्रथिनं (क्राय१एसी आणि क्राय२एबी). पहिल्या प्रथिनाला गुलाबी अळी दाद देत नाही हे गुजरातेत २०१० पर्यंत पक्कं झालं. पुढे काही वर्षांत दोन्ही प्रथिनं पचवणारी अळी आली, आणि २०१७ चा हंगाम विदर्भाने पाहिलाच आहे.

आता यातला कळीचा मुद्दा. गावात सगळे म्हणतात 'अळीले औषधाची सवय झाली'. असं होत नाही. एकाही अळीला सवय लागलेली नाही. विष पचवू शकणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून होत्या, लाखात एखादी. बीटीच्या बोंडात बाकीच्या मेल्या, या उरल्या. यांचे पतंग आपसात जुळले, पिल्लं तशीच निघाली. एका पिढीला साधारण महिना लागतो, हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात. आठ-दहा वर्षांत चाळीस-पन्नास पिढ्या. डार्विनच्या निसर्गनिवडीत एवढंच आहे: वेगळेपण आधी असतं, निवड नंतर होते, आणि वेगळेपण पिल्लांत उतरतं. 'सवय' म्हणणारा नकळत लामार्कचं म्हणणं (आयुष्यात मिळवलेला गुण पिल्लांत उतरतो) मांडतो, आणि दहावीच्या पुस्तकात ते दोघंही आहेत.

रेफ्युजी बियाण्याचं पाकीट आठवा. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटी मिळायचं. बांधाने पाच ओळी किंवा २० टक्के, जे जास्त असेल तेवढं लावायचं होतं. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळावेत, आणि मिश्र पिल्लं बीटीवर मरावीत, हा हिशोब होता. म्हणजे कंपनीच्या पाकिटातच उत्क्रांतीचा धडा होता. ते पाकीट किती ठिकाणी धुऱ्यावर फेकलं गेलं ते विचारू नका.

मुलं हमखास विचारतात की अमेरिकन बोंडअळी इतक्या लवकर विषाला दाद देईनाशी का नाही झाली. ती हरभऱ्यावर, तुरीवरही जगते, म्हणजे तिला बीटीबाहेर आयतं रान आहे आणि साध्या अळ्यांचा साठा टिकतो. गुलाबी अळीचा संसार जवळजवळ सगळा कापसावरच. शिवाय आपल्याकडे बीटी संकरित वाणात आहे. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. दोन जनुकं असली तर सोळातली एक सरकी दोन्ही विषांविना, आणि काहींत एकच विष. अळी एकाच बोंडात सरकीमागून सरकी खाते, तिला हलका डोस मिळत जातो आणि मिश्र अळ्याही तगतात. त्यावर फरदड. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला उन्हाळ्यापर्यंत पूल बांधून दिल्यासारखं. डिसेंबरअखेर पीक काढा म्हणतात ते याचसाठी.

#७ पऱ्हाटी_आन_तूर

हे बाकी पटलं. 'सवय झाली' हे तं आमी रोजच म्हनतो. पन हे पाचवीच्या पोराले कसं दाखवायचं? वावरात नेता का त्याले?

#८ कापूस_कीड_सर्वेक्षण

वावरात अजिबात नेऊ नका. फवारणीच्या हंगामात तर नाहीच. २०१७ चं यवतमाळचं विषबाधेचं प्रकरण इथे कुणाला सांगावं लागत नाही. मोठ्या माणसाने फवारणी न झालेल्या वावरातून, वेगवेगळ्या वीस झाडांची वीस हिरवी बोंडं आणावीत. पिशवी वेगळी, बोंडं धुऊन, चाकू शिक्षकाच्या हातात. उभं फोडायचं. आत गुलाबी पट्ट्यांची अळी, पोखरलेली सरकी, कधी टरफलाला आतून छोटी गाठ. विसातल्या दोनांत जिवंत अळी सापडली तर ते १० टक्के, म्हणजे उपायाची वेळ झाली. मुलांना ही टक्केवारीही येऊन जाते. हे जमेल ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. धडा आधी येत असेल तर थांबू नका, शिकवून टाका आणि बोंडं नंतर फोडा. शेजारी कुणाचे कामगंध सापळे असतील (हेक्टरी पाच) तर पतंगांची मोजणी मागून घ्या. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग ही धोक्याची पातळी. फुलांत डोमकळी दिसली तर तीही दाखवा, पाकळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

#९ खडू_डस्टर

वर्गात निवड दाखवायला चवळी वापरा. पांढरी आणि तांबडी, दोन्ही जवळपास एकाच मापाची निवडून घ्या, प्रत्येकी शंभर दाणे राखीव धरा. तांबूस गोणपाट व्हरांड्यात पसरायचं, ५० पांढरे आणि ५० तांबडे मिसळून टाकायचे. दहा मुलं पक्षी. पाठमोरी उभी राहायची, खूण झाली की वळून दिसेल तो पहिला दाणा उचलायचा, परत पाठमोरं. ७५ उचलले की थांबायचं. उरलेल्या २५ ची रंगवार मोजणी. प्रत्येक उरलेल्या दाण्यामागे त्याच रंगाचे तीन दाणे घालायचे, पुन्हा शंभर. समजा १७ तांबडे आणि ८ पांढरे उरले, तर पुढची पिढी ६८ आणि ३२. दुसऱ्या फेरीत २१ आणि ४ उरले, तर ८४ आणि १६. फळ्यावर रकाना करून लिहा.

मग गोणपाट काढून पांढरं धोतर अंथरा आणि त्याच ८४-१६ वर खेळ चालू ठेवा. आकडे उलटे फिरतात. 'श्रेष्ठ जीव जगतो' हे वाक्य मुलांच्या डोक्यात शिरायच्या आधीच निघून जातं.

बिघडतं कुठे? मूठभर उचलतात, म्हणून 'एका वेळी एक' कडक ठेवा. उन्हात केलं तर दाण्याची सावली पडते आणि रंगाचा फायदाच उरत नाही, म्हणून सावली हवी. गोणपाट जाड विणीचं असेल तर दाणे फटीत बसतात आणि रंगाऐवजी फट निवड करते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिक्षक आधीच सांगून टाकतात की तांबडे वाचणार. मग मुलं मास्तरांना बरं वाटावं म्हणून पांढरे वेचतात.

ज्या पालकांनी सह्या केल्या त्यांनाच या तासाला बोलवा. कलम २४ मध्ये पालकांच्या नियमित बैठका घेणं हेही शिक्षकाचं कर्तव्यच आहे.

#१० दहा_अवतार

पण मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन… पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणूस. आपल्याकडे हे आधीच सांगितलेलं आहे. शिक्षकांनी हेच सांगितलं तर पालकही खूश आणि धडाही शिकवून होतो. वाद कशाला?

#११ खडू_डस्टर

वाद टळेल, धडा शिकवून होणार नाही. अवतारकथेत क्रम आहे, कारण नाही. वेगळेपण कुठून आलं, निवड कुणी केली, पिल्लांत कसं उतरलं, यातलं काहीच त्यातून निघत नाही. नृसिंहानंतर बुटका वामन का, याला पुराणात बळीची गोष्ट हे उत्तर आहे आणि ते पुराणात चोख बसतं. वर्गात बौद्ध, गोंड, मुसलमान मुलंही बसतात, त्यांच्या पालकांनी मग काय निवेदन द्यायचं? कलम २८ पुन्हा दारात येतं. कथा घरी सांगा, कीर्तनात सांगा, कुणी अडवत नाही.

#१२ भामरागड_आश्रमशाळा

आमच्याकडे प्रश्न निराळा आहे. गोंड-माडिया मुलांना उगमाची कथा घरातूनच येते. गोंडांचे आद्य गुरू पारी कुपार लिंगो, माता जंगो रायताड, कचारगडची गुहा (गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका, माघ पौर्णिमेला यात्रा). चार, पाच, सहा, सात देवांची कुळं, आणि कुळाचं स्वतःचं झाड-प्राणी, ज्याला इजा करायची नाही. शिक्षक बाहेरचा असतो. तो वर्गात 'हे सगळं खोटं, पुस्तकातलं खरं' म्हणतो, आणि मूल दोन्हीकडून तुटतं. हा खरा अपमान आहे आणि पालकाने त्याबद्दल तक्रार केली तर ती योग्यच आहे.

जमतं ते असं. लिंगोची कथा भाषेच्या तासाला, मुलांकडून माडियात, पूर्ण मानाने. उत्क्रांती परिसर अभ्यासाच्या तासाला. एका तासात दुसऱ्याची परीक्षा घ्यायची नाही. आणि प्राण्यांची नावं आधी माडियात विचारायची. जंगलात कुठला पक्षी कुठल्या पक्ष्याचा 'नात्यातला' हे ही मुलं शिक्षकापेक्षा चांगलं लावतात. वर्गीकरणाचा अर्धा धडा तिथेच होतो.

#१३ गावाकडचा_पुणेकर

अमेरिकेत तर २०२५ मध्ये पालकांनी सर्वोच्च न्यायालयात केस जिंकली ना? मुलाला धड्यातून बाहेर काढायचा हक्क मिळाला. आपल्याकडे तोच दाखला चालेल.

#१४ कलम_पाहून_सांगतो

अर्धवट. जून २०२५ चा महमूद विरुद्ध टेलर निकाल मेरिलँडमधल्या प्राथमिक शाळांच्या गोष्टीच्या पुस्तकांबद्दल आहे, समलिंगी आणि लिंगभावाच्या विषयांवरच्या. पालकांना आगाऊ सूचना आणि मूल बाहेर ठेवायची मुभा द्या, असं सहा विरुद्ध तीनने ठरलं. उत्क्रांती त्यात नव्हती. पुढे ती त्या रेषेत येईल का यावर तिकडचे वकील भांडतील.

उत्क्रांतीपुरता तिकडचा इतिहास उलट दिशेचा आहे. १९२५ मध्ये टेनेसीत शिकवण्यावर बंदी होती. स्कोप्स नावाच्या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला, पुढे तो तांत्रिक कारणावर रद्द झाला. अशी बंदीच घटनाबाह्य आहे हे १९६८ मध्ये ठरलं (आर्कान्सा). 'उत्क्रांती शिकवाल तर सोबत सृष्टीनिर्मितीही शिकवा' हा लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये रद्द झाला. आणि २००५ चा पेनसिल्व्हेनियातला डोव्हर खटला तुमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचा. तिथल्या स्थानिक शाळा मंडळाने नववीच्या वर्गात उत्क्रांतीविरुद्ध निवेदन वाचायला लावलं. कोर्टात गेले ते अकरा पालक, आणि ते म्हणत होते की आमच्या मुलांना विज्ञान नीट शिकवा. तेच जिंकले. मंडळाला वकिलांच्या खर्चापोटी सुमारे दहा लाख डॉलर मोजावे लागले. म्हणजे 'पालकांचा हक्क' दोन्ही बाजूंनी ओढता येतो. तुमच्या गावातही सही न केलेले पालक आहेत, त्यांच्या मुलांचा धडा बुडवायचा हक्क इतरांना कुठून आला?

तिकडचे निकाल आपल्या न्यायालयावर बंधनकारक नाहीत. आपल्या घटनेत 'पालकांचा हक्क' असं स्वतंत्र कलम नाही. आहे ते ५१क (ट), सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं कर्तव्य. वैज्ञानिक दृष्टिकोन त्याच कलमात (ज) ला आहे.

#१५ दगडमाती_वरोरा

पुरावे लांब शोधू नका. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा डायनासोरांच्या जीवाश्मांसाठी जगभर ठाऊक आहे. तिथल्या वाळून दगड झालेल्या विष्ठेत गवताच्या पेशींचे सिलिकाकण सापडले, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे पहिल्यांदा ठामपणे कळलं. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेकाठचं कोटा गाव, त्याच्या नावाने ज्युरासिक काळातला अख्खा खडकांचा थर ओळखला जातो. त्याच तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म १८५० च्या दशकात गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप यांनी, आणि ते ख्रिस्ती धर्मप्रसारक होते. श्रद्धावाल्या पालकांना हे नाव जरूर सांगा.

मुलांना खोदायला लावू नका, उचलून आणूही नका. दगड जागेवरून हलला की त्याचा थर हरवतो, मग तो नुसता शोभेचा. फोटो काढा, शेजारी मापपट्टी ठेवून. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधल्या पांढरट गारेत गोगलगायीचे शंख दिसतात. पाणी शिंपडून दहापट भिंग लावलं की उठून येतात.

काळाचा अंदाज देण्यासाठी दोरी. १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, पृथ्वीचं वय ४६ मीटर. 'आज'च्या टोकापासून मोजा: पहिल्या जीवांच्या खुणा ३५ मीटरवर, कोटा थर पावणेदोन मीटरच्या आसपास, पिसदुऱ्याचे डायनासोर ६५ ते ७० सेंटिमीटरवर. आपली जात, तीन लाख वर्षं, फक्त ३ मिलिमीटर. सुताची दोरी ओली झाली की आखडते, नायलॉनची ताणली की वाढते, म्हणून खुणा टेपने जमिनीवर मारा आणि दोरी नुसती वरून ठेवा. मैदान नसेल तर भिंतीवर ४.६ मीटरची रेघ, पण तिथे माणूस ०.३ मिलिमीटर येतो, टोकदार पेन्सिलीची रेषाही जाड पडते.

एक चूक सगळीकडे होते. दहावीच्या पुस्तकात कार्बन-१४ आहे, म्हणून शिक्षक डायनासोरचं वयही कार्बनने काढतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. पिसदुऱ्याचं वय खडकांच्या थरांवरून आणि वरच्या ज्वालामुखी खडकाच्या वयावरून येतं.

#१६ दहावी_विज्ञान_दोन

पाचवीचं मिटलं की लोक दहावीकडे येतील, म्हणून सांगून ठेवतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पेपर ४० गुणांचा, धडा सोडणं परवडत नाही. दहावी शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर (तो आठवीपर्यंत), आणि गावाकडे बहुतेक अनुदानित संस्था, त्यामुळे तक्रारीचा रस्ता मंडळ आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडून जातो.

त्या धड्यातही एक जागा सांभाळून शिकवा. मानवी उत्क्रांतीच्या ओळीत रामापिथिकस आहे. आता तो ओरांगउटानच्या शाखेतला शिवापिथिकसच मानला जातो, आपल्या थेट वाटेवरचा नाही. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहायला सांगा, वर्गात हेही सांगा. नवं हाड मिळालं की जुनं मत बदलतं, हे मुलांना कळू द्या. आक्षेप घेणारा पालक 'पाहा, चुकलेत' म्हणेल, म्हणू द्या.

गंमत अशी की नवोदयच्या मुलांना (त्यांना केंद्राच्या एनसीईआरटीची पुस्तकं) दहावीत हे नाहीच. २०२२-२३ च्या कपातीत एनसीईआरटीने धड्यातली उत्क्रांती काढून नुसती 'आनुवंशिकता' ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून जास्त वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, पण तो फक्त जीवशास्त्र घेणाऱ्यांना. म्हणजे सध्या जि.प.चं लेकरू पाचवीतच या बाबतीत पुढे.

#१७ वणीकर_पालक

खूप मिळालं. सभेत ठेवायला ठरावाचा मसुदा देता का कुणी? आणि निवेदनवाल्यांना पुढचा रस्ता काय सांगू, म्हणजे दार लावून घेतलं असं वाटू नये?

#१८ कलम_पाहून_सांगतो

रस्ते आहेत, सांगा. पाठ्यपुस्तकातल्या मजकुरावर आक्षेप असेल तर पान क्रमांक आणि नेमकं वाक्य लिहून बालभारतीला आणि पुण्याच्या परिषदेला लेखी सूचना पाठवावी. 'अख्खा धडा नको' ला उत्तर मिळत नाही, 'पान अमुक, ओळ अमुक' ला मिळू शकतं. शिक्षक वर्गात कुठल्याही श्रद्धेची टिंगल करत असेल तर तक्रार आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. मुलाच्या हक्काची तक्रार कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची. तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित, नाही पटला तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. आपल्या राज्यात दोन विषय एका अर्जात घातले तर फक्त पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात.

मसुदा:

"इयत्ता ५ वी, परिसर अभ्यास भाग २ मधील काही पाठांबाबत पालकांचे निवेदन समितीसमोर वाचण्यात आले. अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार शिक्षण हक्क अधिनियम २००९, कलम २९ नुसार शैक्षणिक प्राधिकरणाचा असल्याने पाठ वगळण्याबाबत ही समिती निर्णय घेऊ शकत नाही. सदर पाठ शिकविताना पालकांना वर्गात उपस्थित राहण्याचे निमंत्रण द्यावे, आणि कोणत्याही समाजाच्या श्रद्धेबाबत अवमानकारक भाषा वापरली जाणार नाही याची मुख्याध्यापकांनी दक्षता घ्यावी, असे सर्वानुमते ठरले. पालकांना मजकुराबाबत सूचना असल्यास त्या पान क्रमांकासह लेखी द्याव्यात. समिती त्या बालभारतीकडे अग्रेषित करील."

#१९ खडू_डस्टर

'सर्वानुमते' आत्ताच लिहू नका, सभा होऊ द्या. निवेदनाचा आवक क्रमांक आणि तारीख इतिवृत्तात घ्या, नाहीतर नंतर कुणी म्हणेल निवेदन आलंच नव्हतं. सह्या-अंगठे त्याच दिवशी त्याच रजिस्टरवर. आणि चवळी सभेलाच घेऊन जा, गोणपाट शाळेत असतंच.

#२० पऱ्हाटी_आन_तूर

चवळी मी देतो. तांबडी गावरान हाय, पांढरी बाजारातून आना.